इओसिनोफिल कुणाचं ऐकतो?

सूक्ष्मदर्शकाखाली इओसिनोफिल ही पांढरी रक्तपेशी लपत नाही. दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि भोवती खच्चून भरलेले केशरी-लाल दाणे. पूर्वी डीएलसीत, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीत, हे चार टक्के आले काय नि आठ आले काय, फारसं कुणी विचारत नसे. आता छातीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मुद्दाम ‘ॲब्सोल्यूट इओसिनोफिल काउंट’ (टक्के नव्हे, थेट संख्या) लिहिलेलं असतं. मी लॅब टेक्निशियन, त्यात स्वतः दमेकरी. या आकड्यावर माझा डोळा असायचाच.

श्वासनलिकेच्या अस्तराला धूळ, परागकण किंवा विषाणूंनी छळलं की तिथल्या पेशी टीएसएलपी, आयएल-३३, आयएल-२५ ही निरोप्या प्रथिनं सोडतात (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन). त्यांनी जाग्या झालेल्या प्रतिकारपेशी पुढचे निरोप धाडतात. आयएल-४ मुळे बी पेशी आयजीई हे ॲलर्जीतलं प्रतिपिंड बनवू लागतात. आयएल-१३ मुळे चिकट कफ वाढतो आणि नळ्या जरा कशाने आवळतात. आयएल-५ मात्र पार अस्थिमज्जेपर्यंत पोचतं. इओसिनोफिल तिथे वाढतात आणि रक्तात उतरतात ते त्याच्याच सांगण्यावरून.

या आयएल-५ ला अडवणारं मेपोलिझुमॅब हे औषध सुरुवातीच्या चाचण्यांत आपटलं होतं. रक्तातले इओसिनोफिल धडाधड उतरले, दमा होता तिथेच. पण त्या चाचण्यांत दमा आहे एवढं पाहून रुग्ण घेतले होते, इओसिनोफिल वाढलेत की नाही हे बघून नव्हे. उपचार चालू असूनही ज्यांच्या कफात इओसिनोफिल टिकून होते, अशांवरचे दोन अभ्यास २००९ मध्ये आले आणि चित्र पालटलं: अटॅक कमी झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. औषध तेच, निकाल फिरवला तो मोजणीने! (आमच्या कामाचं कौतुक एरवी कोण करतंय.)

निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल फक्त स्नायू सैल करतं, निरोपांना हातही लावत नाही. ते काम स्टेरॉइडच्या पंपाचं, म्हणून तो बरं वाटत असतानाही घ्यायचा. माझ्या घरी यावरून अजून वाद होतात.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या तर काउंट जवळजवळ शून्यावर आणू शकतात. उलट जंत झाले तरी तो चढतो, दम्याचा काही संबंध नसताना. त्यामुळे रक्त घेताना गोळ्या चालू आहेत का, शेवटची कधी घेतली, एवढं मी विचारतेच आणि फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. डॉक्टरांनी ते वाचलं तर ठीक.