वळणावरचा उतार आणि पाण्यात बंद पडलेलं इंजिन

जंगलातली ही कच्ची वाट एकच नदी तीन ठिकाणी ओलांडते, पूल कुठेच नाही. पहिले दोन उतार, म्हणजे नदी पाण्यातून पार करायच्या जागा, सोपे आहेत. तळाला घट्ट गोटे, पाणी चाकाच्या हबखाली (चाकाच्या मधल्या भागाखाली), पलीकडचा काठ मोकळा. फर्स्ट गिअरमध्ये न थांबता निघून जायचं, एवढंच. तिसरा उतार नदीच्या वळणावर आहे आणि ताफ्यातली मागची गाडी तिथे बंद पडली. दोन लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, फोर बाय फोर, स्नॉर्कल (इंजिनाची हवा छपराच्या उंचीवरून घेणारी नळी) नाही. पुढची गाडी दहा मिनिटं आधी त्याच उतारातून विनासायास गेली होती.

वळणावर नदी बाहेरच्या अंगाला तळ खणते आणि आतल्या अंगाला वाळू टाकते. पुढची गाडी आतल्या अंगाने गेली. मागची तिच्या ओळीपासून दीडेक मीटर बाहेर सरकली, पाणी बंपरच्या वर आलं आणि चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. खरा घात इथे झाला. चालण्याच्या वेगाने, म्हणजे ताशी 5 ते 6 किलोमीटरने जाणारी गाडी पाणी पुढे ढकलते आणि बॉनेटखाली उलट थोडी खोलगट जागा राहते. वेग वाढवला की तीच लाट बॉनेटवर चढते. एअर फिल्टरचं तोंड बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा मडगार्डच्या आत असतं, आणि पाणी शिरायला तेवढं पुरतं.

उतरण्याआधी काय बघायचं ते इथेच सांगतो. एक काठी घ्या, गाडीशेजारी उभी धरा आणि तिच्यावर तीन खुणा करा: हबचा मध्य, बंपरची वरची कड, एअर फिल्टरचं तोंड. मग तीच काठी घेऊन दोन्ही चाकांच्या ओळीतून पात्र चालून बघा. हबपर्यंतच्या संथ पाण्यात चिंता नाही. बंपरच्या खुणेपर्यंत पाणी असेल तर पुढून ताडपत्री बांधा, रेडिएटरच्या इलेक्ट्रिक पंख्याचा फ्यूज काढा (पाण्यात फिरणारी पाती वाकून रेडिएटर फाडतात) आणि इंजिन, डिफरन्शिअल (चाकांच्या आसावरचा गिअरचा डबा) थोडं निवू द्या. त्याहून वर असेल तर परत फिरा. कंपनी जो आकडा देते, उदाहरणार्थ थारला 650 मिलिमीटर, तो संथ पाण्याचा आणि हळू वेगाचा असतो. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा: 30 सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते, 60 सेंटिमीटरची जोरदार धार मोठी जीपही वाहून नेते. जिथे पायी उभं राहता येत नाही तिथे गाडी घालू नका. वर कुठे पाऊस चालू असेल तर थांबा, ही नदी तासाभरात चढते.

आता बंद पडण्याकडे. पेट्रोल गाडी नुसत्या ओल्या वायरिंगमुळे बंद पडते तेव्हा आधी आचके देते, फुरफुरते. पाणी गिळलं असेल तर इंजिन एका ठोक्यात थांबतं. इथेही तसंच झालं, 'ठक्' आणि शांत. पाणी दाबलं जात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती पाणी लागतं याचा अंदाज नसतो. दोन लिटरच्या इंजिनात चार बोअर (सिलिंडर), म्हणजे प्रत्येकी 500 मिलिलिटर. कॉम्प्रेशन 16:1 असेल, म्हणजे आतली हवा सोळाव्या हिश्श्यात दाबली जात असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 33 मिलिलिटर. दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत असताना पिस्टन वर येऊच शकत नाही, मग पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोलच्या 10:1 इंजिनात त्याच मापाला 55 मिलिलिटर जागा मिळते, इतकाच काय तो दिलासा.

म्हणून सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही, 'बघू तरी' म्हणूनही नाही. सेल्फच्या जोरावर रॉड वाकू शकतो. त्याहून वाईट म्हणजे दोन बोअर कोरडे असले तर इंजिन चालू होतं आणि पाइपात, इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीत) साचलेलं उरलेलं पाणीही ओढून घेतं. गिअरमध्ये टाकून ओढणं किंवा धक्का मारणं म्हणजे तोच प्रकार, फक्त जास्त जोराने.

करायचं ते या क्रमाने: इग्निशन बंद, माणसं खिडकीतून किंवा धारेच्या खालच्या बाजूच्या दाराने बाहेर, आणि बाहेर पडल्यावर लगेच गाडीपासून दूर. गाडीच्या खालच्या अंगाला कोणी रेंगाळू नये, ती सरकली तर माणूस खाली सापडतो. मग गिअर न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा, आणि त्यानंतरच बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हा क्रम महत्त्वाचा आहे. इलेक्ट्रॉनिक गिअर आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाड्यांत बॅटरी आधी काढली तर चाकं जाम होतात आणि मग गाडी घासत ओढावी लागते. स्टिअरिंगचं कुलूप किल्लीवर असेल तर किल्ली पहिल्या खाचेत ठेवा.

टोचनसाठी स्क्रूचा हुक जॅकच्या पिशवीत होता. तो पाण्याखाली, बंपरच्या भोकात चाचपत बसवताना जवळजवळ अर्धा तास गेला. एकदा आटा तिरका चढला, परत काढून बसवावा लागला. म्हणून हुक काठावरच पूर्ण आवळून घ्या, पट्टा शॅकलने (खिळीच्या लोखंडी कडीने) अडकवा आणि त्याचं दुसरं टोक बॉनेटवर बांधून पाण्यात उतरा. बंद पडलात तर कोणालाही डुबकी मारावी लागत नाही. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) पट्टा कधीही लावू नका, तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. पट्ट्याच्या मधोमध ओलं जाड कापड टाका आणि पट्ट्याच्या रेषेतून माणसं हटवा. झटका नको, आधी पट्टा ताणून घ्या, मग लो रेंजच्या (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या) पहिल्या गिअरमध्ये सावकाश.

काठावर आल्यावर आधी गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, सायलेन्सरमधलं पाणी मागे निघून जातं. चालू इंजिनाचा धूर पाणी बाहेर ठोपवतो, इंजिन थांबलं की ते उलट आत चढतं. गाडी पाण्यात बराच वेळ उभी राहिली असेल तर फिल्टर कोरडा दिसूनही उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पाणी बोअरमध्ये गेलेलं असू शकतं.

मग एअर फिल्टरचा डबा उघडा. डब्याच्या तळाशी पाणी पण फिल्टरचा कागद कोरडा आणि पुढच्या पाइपात कोरडी धूळ, तर बहुधा वाचलात. इथे कागद फुगून अर्ध्यापर्यंत भिजला होता आणि त्याच्यापुढच्या पाइपाला आतून थेंब होते. इंटरकूलरचा खालचा पाइप सोडल्यावर चहाच्या रंगाचं, वाळू मिसळलेलं पाणी भडाभडा आलं. टर्बो गाडीत हा पाइप विसरू नका. बाकी सगळं कोरडं करून हे पाणी राहिलं तर पहिल्या रेसला ते आत जातं.

पेट्रोल इंजिनाचं पुढचं काम काठावर होतं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर सोडा, 16 मिलिमीटरच्या प्लग पान्याने (काही नव्या इंजिनांना 14) सगळे प्लग काढा. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन फेरे फिरवा. अडकलं तर जोर करू नका. मोकळं फिरलं की बॅटरी जोडून दोन-तीन सेकंदांचा सेल्फ. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडतात, तोंड दूर ठेवा. पाणी थांबल्यावर प्रत्येक बोअरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल.

डिझेलला हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना बोअर तापवणारे) किंवा नोझल (डिझेल फवारणारे) काढावे लागतात. जुने हीटर प्लग गंजून बसलेले असतात आणि हेडमध्येच तुटतात, म्हणून रानात त्यांच्याशी झटापट करू नका. डिझेल गाडी ट्रेलरवर किंवा न्यूट्रलमध्ये टोचन करून न्या. ऑटोमॅटिक किंवा कायम फोर बाय फोर असलेली गाडी चाकांवर टोचन करू नका, गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा डबा) जातो. उशीर मात्र नको. बोअरच्या भिंतींवर एक-दोन दिवसांत गंज धरतो आणि रिंगा चिकटतात. खारं पाणी असेल तर त्याहून लवकर.

रॉड वाकलाय का, हे हेड न उघडता कळतं. पेट्रोलमध्ये प्लगच्या, डिझेलमध्ये नोझलच्या भोकातून लांब सरळ काडी पिस्टनवर टेकवा, पिस्टन सर्वात वर आणा, काडीवर खूण करा. चारही बोअरना तेच. एखादी खूण मिलिमीटरभर जरी खाली असली तर तो रॉड वाकलेला समजा. या गाडीत दुसऱ्या बोअरचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा सव्वा मिलिमीटर खाली थांबत होता. 84 मिलिमीटरच्या बोअरला सव्वा मिलिमीटर म्हणजे जवळपास 7 मिलिलिटर. 33 ची जागा 40 झाली आणि 16:1 चं कॉम्प्रेशन साडेतेरावर आलं. असं इंजिन चालू होतं. थंडीत थोडा धूर, थोडा खडखडाट, आणि माणूस म्हणतो चालतंय की. पुढे कधीतरी चढावर तो रॉड तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मिकॅनिक 'चालवून बघू' म्हणाला तर आधी काडीचं माप घ्यायला सांगा.

रॉड सरळ निघाले तर ऑइलकडे वळा. गाडी काही तास उभी ठेवून चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन नट हळूच ढिला करा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि आधी तेच येतं. सगळं काढून नवा फिल्टर, स्वस्त ऑइल, दहा मिनिटं नुसतं आयडलिंग, परत काढा. डिपस्टिकवर दुधाळ रंग दिसेनासा होईपर्यंत हेच, आणि मग चांगलं ऑइल. डिझेल फिल्टरच्या खालच्या नटातून पाणी जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा.

डिफरन्शिअल लोक विसरतात. तापलेलं डिफरन्शिअल गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या नळीतून), ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. हे न बंद पडता पार झालेल्या गाडीलाही लागू आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शिअलमध्ये पाणी निघालं. आधी वरचा भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा काढा, नाहीतर रिकामं डिफरन्शिअल आणि न उघडणारा नट घेऊन बसाल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केसचंही तसंच. ऑटोमॅटिकच्या ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर गाडी अजिबात चालवू नका, क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं.

उतार ओलांडताना क्लच दाबू नका, प्लेटमध्ये पाणी शिरून गाडी पात्राच्या मध्यावर उभी राहते. बाहेर आल्यावर शे-दोनशे मीटर ब्रेक हलका दाबत चाला. ड्रम ब्रेक असतील तर घरी खोलून गाळ काढा. अल्टरनेटर आणि सेल्फ मोटरमधला गाळ वाळला की ब्रश अडकतात, ते त्याच आठवड्यात उघडलेले बरे. ज्या गाड्यांत सीटखाली ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा कनेक्टर आहेत तिथे कार्पेट उचलून वाळवा, कनेक्टर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हबच्या बेअरिंगचा गुणगुणल्यासारखा आवाज महिन्याभराने सुरू होतो, चाक उचलून हाताने फिरवून बघत राहा.