चार महिने करतात काय?

"तुमच्याकडचे ते गोरे आजी-आजोबा नोव्हेंबरात येतात ते थेट मार्चपर्यंत. इतके दिवस करतात काय हो?" पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात. त्यांचा स्वतःचा गोवा तीन दिवसांत उरकलेला असतो.

मांद्र्याला आमच्या घरामागे चार खोल्या आहेत. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. त्यात येण्याचं कारणही विचारतात. मी 'पर्यटन' निवडते आणि दर वेळी हसू येतं. मँचेस्टरच्या बाईंचा आमच्याकडे हा नववा हिवाळा. जुन्या गोव्याची चर्च त्यांनी अजून पाहिलेली नाहीत.

सकाळी पदेराचं, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचं, पोंपों ऐकू आलं की त्या पायरीवर हजर, सुटे पैसे मुठीत. दोन उंडे, म्हणजे गोल पाव, घेतात. मग ओहोटी बघून वाळूवर, अनवाणी. दुपारी झोप. संध्याकाळी कासवांच्या अंड्यांभोवती वनखात्यानं घातलेलं कुंपण शाबूत आहे ना, याची पाहणी. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही. झाला दिवस.

ऊन, स्वस्ताई, दुखरे गुडघे, ही कारणं खरीच. मँचेस्टरला डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. पण ऊन स्पेनमध्येही आहे, आणि ते त्यांना जवळ. ब्रेक्झिटनंतर तिथे १८० दिवसांत ९०च राहता येतं, आपल्याकडे ब्रिटिशांना पर्यटक व्हिसावर सलग १८०. तरी या बाई त्याच्याही आधीपासून इथेच येतात. एकदा विचारलंच. म्हणाल्या, "घरी मी दोन दिवस दार उघडलं नाही, तर कुणाला कळणार?" इथे त्या दिसल्या नाहीत तर पदेर आधी त्यांना हाक मारतो, मग मला उठवतो. (साडेसहाला. मला ते मुळीच आवडत नाही.)

गेल्या जानेवारीत त्यानं असंच उठवलं. बाई तापानं फणफणल्या होत्या. दवाखान्यातल्या कागदावर 'नातेवाईक' म्हणून माझं नाव लागलं, आणि मी चांगलीच घाबरले. परक्या देशात म्हातारपण काढणं सगळ्यांना झेपेल असं मी म्हणणार नाही. रात्री त्यांच्या लेकीला फोन लावला. आईची चौकशी झाली, औषधांची झाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "आई तिथे इतके महिने करते तरी काय?"

मी पदेरापासून सुरुवात केली.