सात मिनिटं आधी मावळलेला सूर्य

सूर्यास्त करणं हा माझ्या कामाचा भाग आहे. आमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात दुपार कलते, तिरपं ऊन खिडकीतून जमिनीवर येतं, मागच्या सायक्लोरामावर, म्हणजे आभाळाच्या पडद्यावर, निळा उतरतो आणि शेवटी खोलीत एक कंदील तेवढा उरतो. याला २५ मिनिटं लागतात. उजेड कधी गेला हे प्रेक्षकाला कळलं, तर माझं काम फसलं. क्यू, म्हणजे उजेडाचे ठरलेले बदल, माझ्या लाइट बोर्डात आधीच भरलेले असतात. हेडसेटवर रंगमंच व्यवस्थापक ‘गो’ म्हणाला की बटण दाबायचं.

त्या प्रयोगाला लख्ख दुपार असताना नायकानं एक वाक्य घेतलं आणि माझ्या कानात व्यवस्थापक पुटपुटला, “अरे, हा कुठं पोचला?” वाक्य चोख होतं, पण पुष्कळ पुढच्या पानावरचं. एकाच अंकात सारखी सुरू होणारी दोन वाक्यं असली की कधी ना कधी हे होतंच. (लेखकांनी एखादा प्रयोग विंगेत उभं राहून बघावा.) समोरची नटी मुरलेली. याला मागं आणणं शक्य नाही हे तिनं ताडलं आणि सरळ पुढचं वाक्य उचललं. सात मिनिटांचं नाटक गळालं. त्यात नोकराची एन्ट्रीही गेली, म्हणजे त्याच्या हातातला कंदीलही गेला. आता थोड्याच वेळात ही बाई “अंधार केवढा झालाय” म्हणून कंदील लावणार. स्टेजवर कंदील नाही आणि उन्हाचा तुकडा ढळलेला नाही!

कंदिलाचं बॅकस्टेजच्या पोरानं बघितलं. कुणी सांगायच्या आत तो सेटच्या भिंतीमागून रांगत गेला आणि खिडकीच्या पडद्याआडून कंदील आत सरकवला. पडदा जरा हलला, तेवढ्यात नटीच्या लक्षात आलं. संहितेत नसताना ती खिडकी लावायला उठली आणि येताना कंदील घेऊन आली.

उजेड माझ्याकडे होता. शेवटच्या क्यूवर उडी मारली असती तर आभाळ धपकन खाली आलं असतं आणि सगळ्या माना तिकडे वळल्या असत्या. मी भरलेले क्यू सोडले आणि बोर्ड हातानं चालवायला घेतला. इथं मला नाटकापेक्षा सिनेमा उपयोगी पडला.

मी सिनेमा बघायला लागलो की घरचे शेजारी बसत नाहीत. माझं लक्ष कटवर असतं. माणूस खुर्चीतून उठता उठता कट मारतात. डोळे त्याच्या हालचालीमागं जातात आणि जोड दिसत नाही. दिग्दर्शक हिचकॉकचा १९४८चा ‘रोप’, जवळजवळ एकाच सलग शॉटसारखा दिसणारा, मी याच हावरटपणानं पुन्हापुन्हा बघतो. कॅमेऱ्यात जेमतेम दहा मिनिटांची फिल्म मावायची, म्हणून काही जोड पात्राच्या पाठीवर कॅमेरा नेऊन लपवलेत. सेटच्या भिंती चाकांवर होत्या. चित्रीकरण चालू असताना कामगार त्या आवाज न करता सरकवायचे. पडद्यावर त्यातलं कुणी दिसत नाही, पण मला सिनेमाभर तेच दिसतात. असं बघण्यानं गंमत जाते म्हणतात. माझी तरी वाढते.

तर मीही हालचालीची वाट बघत बसलो. नायक उठला, ऊन थोडं खाली. ती खिडकीकडे गेली, अजून थोडं. दोघं स्थिर उभे राहिले की माझे हातही स्थिर. उन्हाचा दिवा टंगस्टनचा, तो मंद करत नेला की आपोआप तांबूस होतो. सायक्लोरामावरचे एलईडी नुसते मंद होतात, रंग बदलत नाहीत. संध्याकाळचा निळा वेगळा चढवावा लागतो. त्यामुळं डावा हात एका फेडरवर (उजेड कमीजास्त करायची सरकपट्टी), उजवा दुसऱ्यावर, आणि नजर नटीच्या पावलांवर. व्यवस्थापकानं ‘गो’ म्हणणं सोडून दिलं होतं. “अंधार केवढा झालाय” आलं तेव्हा अंधार हवा त्यापेक्षा किंचित कमी होता. ती कंदिलावर वाकली, तेवढ्यात उरलेलाही काढून घेतला.

‘रोप’मध्येही खिडकीबाहेर संध्याकाळ होत जाते. नारंगी रंग फार भडक आला म्हणून शेवटची रिळं पुन्हा चित्रित केली, असं हिचकॉकनंच सांगितलंय. त्या रात्री मला त्याचा हेवा वाटला.

प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये नायकाला विचारलं, तर तो म्हणाला, “छे! मी काहीच गाळलं नाही.” व्यवस्थापकानं वही पुढं केली. दुसरा अंक सात मिनिटं आधी संपला होता. “आज टेम्पो चांगला होता,” असं म्हणून तो मेकअप उतरवायला बसला.

कंदील आता अंक सुरू होतानाच खिडकीत असतो. नोकर येतो तो पाण्याचा तांब्या घेऊन. बोर्डात मी एक छोटा सूर्यास्तही भरून ठेवलाय. प्रकाशयोजनाकाराला तो मूळच्यापेक्षा जास्त आवडला आणि सगळ्याच प्रयोगांना तोच वापरू म्हणून तो माझ्या मागं लागलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही.