तीन राउटर, एक तुटलेली लिंक आणि 36 पिंग

मायक्रोटिकचा सीएचआर, म्हणजे खास व्हर्च्युअल मशिनसाठी (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी) काढलेलं राउटरओएस, मायक्रोटिकच्या राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम, या आठवड्यात लॅपटॉपवर नीट बसलं. जीएनएस-3 मध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच खोटं नेटवर्क उभं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तीन राउटर त्रिकोणात जोडलेत. प्रत्येकाला 256 एमबी रॅम दिली, तेवढ्यात आरामात चालतात. फुकट लायसन्सवर प्रत्येक इंटरफेसमधून बाहेर जाणारा वेग 1 एमबीपीएसला अडवलेला असतो, पण राउटिंगच्या सरावाचं त्यामुळे काही अडत नाही.

लूपबॅक म्हणून, म्हणजे कुठल्याही लिंकवर अवलंबून नसलेल्या पत्त्यासाठी, प्रत्येकात एक रिकामा ब्रिज (एकही पोर्ट न जोडलेला व्हर्च्युअल इंटरफेस) केला, प्रत्येक राउटरची ओळख सांगणारे राउटर आयडी हाताने दिले, ओएसपीएफ लावलं. राउटर एकमेकांना वाटा कळवतात ते या ओएसपीएफने. शेजारी राउटर ‘फुल’ झालेले, म्हणजे पूर्ण जुळलेले बघून खरंच आनंद झाला.

मग पहिल्या आणि दुसऱ्या राउटरमधली लिंक जीएनएस-3 मधून सस्पेंड केली, म्हणजे तात्पुरती तोडली, आणि एकीकडून दुसऱ्याकडे दर सेकंदाला एक पिंग (पोचलं का ते बघणारं छोटं पॅकेट) सोडत राहिलो. वाटलं, एक-दोन पिंग वाया जातील आणि तिसऱ्याकडून वाट सुरू होईल. गेले 36! पुन्हा केलं तर 32. हा वेळ ओएसपीएफच्या हॅलो आणि डेडच्या आकड्यांत होता. ‘मी आहे’ सांगणारा हॅलो दर 10 सेकंदांनी, आणि तो आला नाही तर शेजारी गेला असं धरायची मुदत, म्हणजे डेड, 40 सेकंद. खरी केबल उपटली की पोर्ट पडतो आणि राउटरला तिथल्या तिथे कळतं. इथे फक्त पॅकेट गायब होतात, पोर्ट मात्र चालूच दिसतो. म्हणून राउटर 40 सेकंद हॅलोची वाट बघत बसतो. शेवटचा हॅलो येऊन आधीच काही सेकंद झालेले असतील तर तेवढे कमी, म्हणून आकडा 30 ते 40 मध्ये फिरतो.

हॅलो 1 आणि डेड 4 केल्यावर चारच पिंग गेले. दोन्ही टोकांना आकडे सारखेच हवेत, नाहीतर शेजार जुळतच नाही.

हा प्रयोग करणार असाल तर पिंग लूपबॅकवरून लूपबॅकलाच करा. मी आधी लिंकवरच्याच पत्त्याला करत होतो आणि तो कधी परत येईच ना. पोर्ट चालू असल्यामुळे ते नेटवर्क राउटरला थेट जोडलेलंच वाटतं, आणि पॅकेट त्याच मेलेल्या वाटेने जात राहतात. यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

आता टायमर पुन्हा 10 आणि 40 वर नेऊन बीएफडी, म्हणजे लिंक तुटल्याचं झटकन ओळखणारा वेगळा प्रोटोकॉल, लावायचंय. हॅलोला हात न लावता किती पिंग वाचतात ते मोजून इथेच लिहीन.