तिसऱ्यासाठी एक कप्पा

सातवा सरत आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की बाळंतपणाचं सगळं ठरलंय, दवाखाना ठरलाय, लाडवांचा डिंकसुद्धा आणून ठेवलाय, पण बाळाची झबली ठेवायला घरात वीतभर जागा नाही. जुळे सोलापुरातलं आमचं घर दोन खोल्यांचं. मुलांचं लोखंडी कपाट एकच, चार कप्प्यांचं. वरचे दोन सात वर्षांच्या मोठीचे, खालचे दोन साडेतीन वर्षांच्या धाकट्याचे. दार उघडलं की आधी काहीतरी अंगावर पडायचं, मग आपल्याला हवं ते शोधायचं.

सासूबाईंना माझी घाई पटेना. "पोटातलं लेकरू बाहेर तर येऊ दे की आधी. आत्ताच कपाट कशाला लावायलीस?" आमच्यात बाळ जन्मायच्या आधी त्याचे कपडे मांडत नाहीत, नवं तर आणतच नाहीत. मी म्हटलं, "आई, मी लावत नाही, नुसतं रिकामं करते." यावर तोड निघाली. एक कप्पा मोकळा करायचा, पण बाळ घरी येईपर्यंत त्यात काही ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी मी मोठा मूर्खपणा केला. चारही कप्पे एकदम पलंगावर उपसले. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि ते नेमकं तेव्हाच आलं. पाणी भरून कंबर मोडली, पाय सुजले, तेवढ्यात पोरं शाळेतून आली आणि ढिगावर उड्या मारू लागली. रात्री आम्ही चौघं कपडे बाजूला सारून झोपलो. दुसऱ्या दिवसापासून एका दिवशी एकच कप्पा, तोही खुर्चीवर बसून. खाली वाकायचं काम मोठीकडे.

आधी मी कपड्यांवरचे आकडे वाचून वाटण्या करत होते. ते काही खरं नाही. एका कंपनीचं '२ वर्षे' दुसऱ्या कंपनीच्या '४ वर्षां'एवढं असतं. शेवटी धाकट्याला आज नीट बसणारा एक शर्ट पलंगावर पसरला आणि प्रत्येक कपडा त्यावर ठेवून पाहिला. लहान असेल तो बाळाच्या गाठोड्यात, मोठा असेल तो पुढच्या वर्षीच्या. गाठोडी बांधायला जुन्या सोलापुरी चादरी होत्याच. बारा-पंधरा वर्षं वापरून विटल्या, पण फाटायचं नाव नाही.

माळ्यावरची पेटी उघडली तेव्हा मात्र धस्स झालं. मोठीची झबली, टोपडी, दुपटी मी सात वर्षांपूर्वी हौसेनं जपून ठेवली होती, आणि जपायची म्हणून मूठभर डांबरगोळ्या टाकल्या होत्या. गोळ्या उडून गेलेल्या, वास मात्र तसाच. त्याच आठवड्यात धाकट्याच्या खोकल्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे जाणं झालं, म्हणून सहज विचारलं. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, या गोळ्यांत नॅप्थलीन असतं. ते श्वासातून आणि कातडीतून तान्ह्या बाळाच्या अंगात जातं. तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते. काही बाळांत जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना तर जास्तच धोका, आणि ते कमी आहे हे बाहेरून बघून कळत नाही. धाकट्याच्या वेळी दिवाळीतली थंडी होती, माहेरून नवे लोकरीचे आले, म्हणून ही पेटी उघडलीच नव्हती. वाचलो म्हणायचं.

पेटीतलं सगळं काढून टाकलं. दोन टोपडी तेवढी आठवण म्हणून वेगळ्या डब्यात ठेवली, बाळाला घालायची नाहीत. तसेही निम्म्या चड्ड्यांचे इलॅस्टिक माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी गेलंच होतं, ताणलं की चर्र वाजायचं आणि तसंच लोंबत राहायचं. आता पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घातलाय.

मग बाळाला घालायचं काय? तारीख एप्रिलअखेरची. तेव्हा सोलापुरात पारा चाळिशीपार असतो, बाळाला अंगभर कापड नकोच. सासूबाईंनी आपलं एक जुनं सुती नऊवारी काढलं. आठ मीटर कापड, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. त्यातून लंगोट आणि दुपटी निघाली. मांडीवर घ्यायला टेरी टॉवेलचे तुकडे कापले. टॉवेल नवा असेल तर आधी दोन-तीनदा धुवावा लागतो, नाहीतर पाणी टिपतच नाही. सगळं धुऊन, कडक उन्हात वाळवून गाठोड्यात बांधलं आणि गाठोडं सासूबाईंच्या ट्रंकेत गेलं. कप्पा रिकामाच, शब्द म्हणजे शब्द.

उरलेलं भांडीवालीला द्यायचं ठरलं. घासाघीस करून स्टीलचं पातेलं मिळवलं, तोच धाकट्यानं तिच्या गाठोड्यात आपला बसगाडीचा शर्ट पाहिला. त्याला तो वर्षभरापासून होत नव्हता. पण जो टाहो फोडला, शेजारच्या बायका बाहेर आल्या. शर्ट परत घेतला, पातेल्याच्या जागी वाटी आली. चूक माझीच, त्याला विचारलं नव्हतं. नंतर दोघांनाही एकेक डबा दिला. त्यात काय ठेवायचं ते त्यांनी ठरवायचं, आम्ही हात लावायचा नाही. धाकट्याच्या डब्यात शर्ट गेला आणि गड्ड्यातून, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जत्रेतून, आणलेली पिपाणी. यात्रेच्या मिरवणुकीत उंच सजवलेली काठी असते, तसा काठीला रंगीत कागद गुंडाळून केलेला त्याचा नंदीध्वज डब्यात मावेना, तो कपाटाच्या कोपऱ्यात उभा आहे.

मोठीचा एक कप्पा मी मुद्दाम अर्धाच भरलाय. जूनमध्ये नवा गणवेश येईल, तेव्हा बाळ दीड महिन्याचं असेल आणि मला कपाटाकडे बघायलाही फुरसत नसेल. तान्ह्याचा कप्पा सगळ्यात वरचा, उभ्यानं हात पोहोचेल असा. म्हणून मोठीला खाली सरकावं लागलं. दोन दिवस ती फुगून होती.

परवा दुपारी पाहिलं, तर रिकाम्या कप्प्यात पांढरं काहीतरी. धाकट्याची बाराबंदी, यात्रेत घालायचा बंदांचा अंगरखा. यंदाच्या यात्रेत त्याला ती काखेत काचत होती. खुर्चीवर चढून त्यानं चुरगाळून कोंबली होती. "बाळाला गड्ड्याला लागंल की," म्हणाला. बाळाला ती व्हायला तीन वर्षं तरी लागतील.

सासूबाईंनीही पाहिलं. बाराबंदी बाहेर काढली, तिचे बंद सरळ केले, नीट घडी घातली आणि पुन्हा तिथेच ठेवली.