मोहाच्या हंगामातली ग्रामसभा

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय वनधोरणाचा मसुदा जाहीर केला आणि हरकतींसाठी १४ एप्रिलपर्यंत मुदत दिली. गडचिरोली जिल्ह्यात नेमके हेच दिवस मोहफुलांचे असतात. पहाटेपासून सारे गाव झाडांखाली असते आणि सभेला माणूस मिळत नाही. मी तेव्हा तिथल्या ग्रामसभांबरोबर सामूहिक वनहक्कांचे, म्हणजे जंगल वापरण्याच्या आणि राखण्याच्या गावाच्या कायदेशीर हक्कांचे, काम करत होतो. धानोरा तालुक्यातल्या एका गावाने फुले अंगणात वाळत घालून झाल्यावर, भर दुपारी सभा बोलावली.

मला मुख्यतः एकच तरतूद समजावून द्यायची होती. अवनत, म्हणजे झाडी विरळ होऊन ऱ्हास पावलेल्या, वनक्षेत्रांवर आणि वनविकास महामंडळांकडील जंगलांत खासगी भागीदारीतून वृक्षलागवड करावी, असे मसुदा म्हणत होता. १९८८ च्या धोरणाने नैसर्गिक जंगले लागवडीसाठी उद्योगांना मिळणार नाहीत असे स्पष्ट लिहिले होते. कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून पिकवून घ्यावा, अशी त्याची भूमिका होती. मी मराठीत सांगत होतो आणि गावातला एक तरुण ते गोंडीत मांडत होता. माझ्या चार वाक्यांची तो दोनच करी, आणि लोकांना तीच जास्त कळत असावीत.

आमच्या जंगलातला अवनत भाग कोणता, असे एका वयस्क बाईंनी विचारले. सरकारी मोजणीत झाडांच्या माथ्यांची सावली ४० टक्क्यांहून कमी असलेले जंगल विरळ धरतात, एवढे मी सांगितले. मग वनहक्क दाव्यासाठी केलेला नजरी नकाशा जमिनीवर पसरला गेला आणि बायकांनी त्यावर बोट ठेवून बोलायला सुरुवात केली. गावालगतचा जो पट्टा या व्याख्येत बसत होता, त्यातच पिढ्यान्‌पिढ्या राखलेले मोह होते, खुटकटाईनंतर, म्हणजे झुडपे छाटल्यावर, उन्हात चांगला फुटणारा तेंदू होता, गुरांची चराई होती आणि पावसाळ्यातल्या सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, त्याही तिथेच उगवत. दाट जंगलात गाव बांबूसाठी जाई. रोजचे जगणे मात्र या विरळ पट्ट्यावर होते. कागदावर जी जमीन रिकामी दिसत होती, तीच गावाने सर्वांत जास्त वापरलेली होती.

शहरांतल्या मोहिमांत वाघ आणि प्राणवायू यांवर भर असतो, आणि त्यात चूक काही नाही. इथे मात्र तो विषय कोणी काढला नाही. प्रश्न निस्ताराचा, म्हणजे रोजच्या गरजांसाठी जंगल वापरण्याचा, होता: कंपनीने कुंपण घातले, तर मोह वेचायला परवानगी कोणाची मागायची?

वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते. ती उशिरा, जंगलात राहिलेली माणसे परतल्यावर पूर्ण झाली. मी हरकतींचा छापील नमुना नेला होता. सभेने तो बाजूला ठेवला आणि ठरावाला त्या पट्ट्यातून काय काय निघते, कोणत्या महिन्यात निघते आणि कोण वेचते, याची यादी जोडली. माझ्या नमुन्यात कलमे होती, पुरावा नव्हता; त्यामुळे त्यांचा कागद सरस होता. सह्या आणि अंगठे होईपर्यंत अंधार पडला. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी नेटवर्क मिळाल्यावर मी तो ईमेलने पाठवला.

त्या मसुद्याचे अंतिम धोरण झाले नाही. देशभरातून हरकती गेल्या होत्या, त्यांचा त्यात वाटा किती, हे सांगणे अवघड आहे. पुढे २०२३ मध्ये हरित पत (ग्रीन क्रेडिट) नियम आले आणि कंपन्यांच्या पैशातून लागवडीसाठी पुन्हा अवनत वनजमिनीच पुढे केल्या गेल्या.