मॉरिशसची साखर, आमचा गूळ आणि दुबईची गिऱ्हाइकं

गेल्या हंगामात मॉरिशसचे एक काका आमच्या गुऱ्हाळावर आले. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आले होते, मार्केट यार्डातल्या आमच्या अडत्यानं त्यांना गाडीत घालून इकडं आणलं. खापरपणजोबा कोकणातून ऊसतोडीच्या करारावर गेलेले. काकांचं मराठी तुटक, पण ऊस म्हटला की डोळे चमकायचे.

काहिलीतला पाक उतरायला आला होता. गुळव्यानं थोडा पाक गार पाण्यात सोडला आणि गोळी वळते का बघितली. काकांनी ती गोळी मागून घेतली, बोटांत दाबली, तोंडात टाकली. म्हणाले, "ताई, हे तर आमचं मस्कोवाडो!" मस्कोवाडो म्हणजे मळी न काढलेली, गुळासारखी तांबूस साखर.

मग चुलवाणाजवळच तासभर बोलत बसलो. मॉरिशस म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या जेमतेम चौथाईएवढा देश. 1975 पासून त्यांची साखर ठरलेल्या कोट्यानं, चढ्या भावानं युरोपात जायची. 2006 पासून युरोपनं टप्प्याटप्प्यानं तो भाव 36 टक्क्यांनी उतरवला आणि 2009 ला करारच संपला. एकाच अडत्याच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या माल टाकणाऱ्या शेतकऱ्याला एक दिवस दार बंद दिसावं, तसं झालं. तेव्हा ते मस्कोवाडो, डेमेरारा अशा खास साखरांकडे जास्त वळले. आता नजर आखातावर आहे. जुलै 2024 मध्ये त्यांनी यूएईशी, म्हणजे दुबई ज्यात येते त्या देशाशी, व्यापार करार केला, तो 1 एप्रिल 2025 पासून लागू झाला. भारताचा यूएईशी करार मे 2022 पासूनच चालू आहे.

काकांचा सगळा भरवसा त्या करारावर. मला मात्र माझी 2023 ची खेप आठवली.

एक किलोच्या ढेपा होत्या, दुबईच्या एका दुकानदारासाठी. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा याचा दाखला, हातात, अरबी स्टिकर चिकटवलेले. पण माल भरला ऐन पावसाळ्यात. कंटेनरच्या उष्म्यात गुळाला पाणी सुटलं, प्लास्टिकच्या आतून चिकट थेंब ओघळले आणि स्टिकरवरची तारीख पुसली गेली. माल तिकडं अडकला, शेवटी अर्धाच उचलला गेला. जकातीचं काही नडलं नाही. नडला तो ओलावा.

आखातातल्या सहा देशांत बहुतेक मालावर जकात 5 टक्केच. ती माफ झाली तरी हातात पडून पडणार किती? माझ्या मते छोट्या देशानं ताकद दुसरीकडं लावावी. आपल्या प्रयोगशाळेचा दाखला तिकडं चालावा, माल बंदरात कुजू नये, अरबी लेबल इथंच तपासून मिळावं, हे मागून घ्यावं. कच्च्या साखरेत ब्राझीलशी भिडण्यात अर्थ नाही. दुबईच्या जेबेल अलीत अल खलीज कंपनीची साखरेची प्रचंड रिफायनरी उभी आहे, तिला जहाजंच्या जहाजं लागतात. मॉरिशसनं अर्ध्या किलोची बरणी विकावी, पण दहावी बरणी पहिलीसारखीच निघावी. आणि युरोपच्या जागी एकट्या दुबईला बसवू नये. मस्कत आहे, जेद्दा आहे, कुवेत आहे. शिवाय मॉरिशस आफ्रिकी देशांच्या कोमेसा आणि सादक या दोन्ही व्यापारी संघांत आहे. आफ्रिकेत शिरू बघणाऱ्या अरब व्यापाऱ्याला ते दार दाखवता येतं, ही त्यांची खरी पत. आम्हाला तशी सोय नाही.

हे सगळं मी काकांना तळमळीनं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी सुटू नये म्हणून आता काय करता?"

आता आखाताला ढेप पाठवत नाही, पावडर करतो. पाक थोडा जास्त आटवायचा, वाफ्यात, म्हणजे पाक ओतायच्या उथळ हौदात, घोटायचा, चाळून पुन्हा सुकवायचा आणि त्याच दिवशी पॅकबंद करायचा. पावसाळ्यात माल भरायचा नाही म्हणजे नाही. एक पुडा त्यांना बांधून दिला.

पोर्ट लुईला पोचल्यावर त्यांचा निरोप आला, पावडर अजून कोरडी आहे. मी लगेच उलट विचारलं, पुडा फोडून किती दिवस झाले?